सनू, गॅब्रिएल आणि उरलेल्या तासिका

६ फेब्रुवारी २०१७, सोमवार. पहाटे पाचच्या सुमारास फोन वाजला. फजरच्या अजानची वाट बघत मी जागीच होते. अवेळी अमेरिकेतून फोन आला की आमच्या घरात आधी काळजात धस्स होतं. पण पलीकडे भाचा हसत होता. "खाला, फोन चार्जिंग को लगाओ. चार घंटे का काम है."

भाचा नोकरीनिमित्त अटलांटात होता. त्याने व्हिडिओ कॉल लावून त्याचा फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवला होता, आणि मी इकडे स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाला टेकवून माझा. त्या महिन्यांत जिओचा डेटा फुकट होता म्हणून हा उद्योग जमला. समोर सुपर बोल. अमेरिकन फुटबॉलची वर्षातली शेवटची आणि सगळ्यात मोठी मॅच. एका बाजूला त्याची अटलांटा फाल्कन्स, दुसऱ्या बाजूला न्यू इंग्लंड पॅट्रियट्स. चित्र अडखळत होतं, चेंडू तर दिसतच नव्हता, तरी मी कणीक मळत बघत होते. कारण मला या खेळातलं बाकी काही कळत नसलं तरी फाल्कन्सचे वाइड रिसीव्हर कोण, ते कुठून आले आणि त्यांना कोणी का घेतलं, हे पाठ झालं होतं.

ते पाठ होण्याचं कारण वेगळं होतं. त्याच वर्षी मी अतिरिक्त ठरले होते. आमच्या पेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शाळेत किती मुलं आहेत त्यावरून संचमान्यता होते, म्हणजे त्या शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. पट घसरला की पदं घसरतात आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत जो खाली असेल तो अतिरिक्त. मग कुठे जागा रिकामी असेल तिथे समायोजन. पगार जात नाही. पण ज्या खुर्चीवर इतकी वर्षं बसलो ती जाते, आणि नव्या स्टाफरूममध्ये आपली पाण्याची बाटली कुठे ठेवायची इथपासून सुरुवात होते. हे मी भाच्याला फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "खाला, हमारे टेलर गॅब्रिएल के साथ भी वही हुआ." मी म्हटलं, हा कोण? त्यावर त्याने जे सुरू केलं ते पुढचे पाच महिने चाललं.

या खेळात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो आणि लांब धावत जाऊन तो झेलणारे ते वाइड रिसीव्हर. अंतर यार्डात मोजतात. यार्ड म्हणजे आपला कापडाच्या दुकानातला वार. एका संघाला हंगामात ५३ खेळाडू ठेवता येतात आणि त्यात वाइड रिसीव्हरच्या वाट्याला साधारण पाच-सहा जागा येतात. सगळ्या संघांच्या पगाराला एकच वरची मर्यादा असते. म्हणजे एकावर जास्त खर्च केला की दुसऱ्या कुणाचं तरी ताट कमी भरतं. कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत वाटले जातात, आणि मागच्या वर्षी जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला निवडीचा पहिला मान. हे मला फार आवडलं. आपल्याकडे ज्या शाळेचा निकाल खाली जातो तिला मिळते फक्त नोटीस.

फाल्कन्सने २०११ मध्ये एक धाडस केलं होतं. ज्यूलिओ जोन्स नावाचा रिसीव्हर त्यांना हवा होता. सहा फूट तीन इंच उंच, आणि त्या देहाला न शोभणारा वेग. पण फाल्कन्सची निवड २७ वी, तोपर्यंत तो उरणं अशक्य. म्हणून त्यांनी क्लीव्हलँड ब्राउन्सकडून सहावा क्रमांक विकत घेतला. किंमत दिली ती पाच निवडींची: त्या वर्षीची पहिली, दुसरी आणि चौथी फेरी, शिवाय पुढच्या वर्षीची पहिली आणि चौथी. एका झेलणाऱ्यासाठी पाच जण. हा सौदा करणारे थॉमस डिमिट्रॉफ पूर्वी पॅट्रियट्समध्ये बिल बेलिचिक यांच्या हाताखाली काम केलेले. अशी उधळपट्टी त्या घरात बसत नव्हती. डिमिट्रॉफ यांनी ती केली.

मला आधी वाटलं, हे चूकच. पाच घरांतलं धान्य एकाच कोठीत. पण त्या पाच निवडींचं क्लीव्हलँडने काय केलं ते भाच्याने सांगितलं. एकातून त्यांनी ग्रेग लिटल नावाचा वाइड रिसीव्हरच घेतला आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतून ब्रँडन वीडन नावाचा क्वार्टरबॅक. दोघेही तिथे फार टिकले नाहीत. इकडे जोन्सने २०१६ च्या हंगामात १४०९ यार्ड मिळवले. त्यातले ३०० एकाच दिवशी, कॅरोलायनाविरुद्ध. मग मी गप्प बसले.

पण जोन्सचा खरा उपयोग त्याच्या यार्डांपेक्षा दुसरीकडे होता. त्याच्यावर समोरचा संघ एक माणूस ठेवायला घाबरायचा, दोन ठेवायचा. मैदानावर दोन्ही बाजूंना अकराच माणसं. एकावर दोन लावले की दुसरीकडे कुणीतरी मोकळा सुटतो. आता हा मोकळा सुटणारा कोण असावा, हा पुढचा प्रश्न, आणि रिसीव्हरांचा गट बांधणं म्हणतात ते खरं इथे सुरू होतं. जोन्ससारखेच आणखी चार घेऊन भागत नाही. तेवढे पैसे नसतात, आणि असले तरी सगळेच लांब धावले तर जवळचे सहा-सात यार्ड कोण आणणार? एक बाहेरच्या कडेचा हवा. एक आतल्या बाजूला, गर्दीत घुसून झेलणारा हवा, त्या जागेला स्लॉट म्हणतात. एक निव्वळ पळणारा हवा, ज्याच्या भीतीने समोरचे बचाववाले मागे सरकतील. आणि पाचव्या माणसाने झेलण्याखेरीज चेंडू लाथाडण्याच्या खेळीतही धावाधाव करायला हवी, नाहीतर त्याला जागा नाही. पाचवा रिसीव्हर म्हणजे आमच्याकडचा कार्यानुभव आणि चित्रकलाही घेणारा मराठीचा शिक्षक.

आतल्या जागेसाठी फाल्कन्सने २०१६ मध्ये मोहम्मद सनूला आणलं. आईवडील सिएरा लिओनचे, तो न्यू जर्सीत वाढलेला. सिनसिनाटीत चार वर्षं ए. जे. ग्रीन या मोठ्या नावामागे खेळलेला. फाल्कन्सने त्याला पाच वर्षांसाठी सव्वातीन कोटी डॉलरचा करार दिला तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, कारण त्याचे आकडे काही डोळे दिपवणारे नव्हते. पण तो अंगाने दणकट, आडवं यायला तयार, आणि वेळ पडली तर स्वतः चेंडू फेकणारा. सिनसिनाटीत पहिल्याच वर्षी त्याने फेकलेल्या चेंडूवर ७३ यार्डांचा टचडाऊन झाला होता, झेलणारा तोच ए. जे. ग्रीन. भाचा त्याला 'अपना मोहम्मद' म्हणायचा. घरातलाच कुणी असल्यासारखं.

आणि टेलर गॅब्रिएल. उंची पाच फूट आठ इंच. २०१४ च्या ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. क्लीव्हलँडने फुकटात घेतला, दोन वर्षं ठेवला आणि २०१६ चा हंगाम तोंडावर आला असताना सप्टेंबरच्या सुरुवातीला काढून टाकला. असा काढलेला खेळाडू वेव्हरच्या यादीत जातो. बाकीच्या संघांना एक दिवस मिळतो, कुणी हात वर केला तर तो तिकडचा. फाल्कन्सने हात वर केला. कारण त्यांचे आक्रमणाचे प्रशिक्षक काइल शानहॅन २०१४ मध्ये क्लीव्हलँडमध्येच होते. या मुलाचा वेग त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्या कुणाला कागदावर बुटका दिसला असता, शानहॅनना तो कुठे उभा करायचा ते माहीत होतं. त्या हंगामात गॅब्रिएलने ३५ झेलांत ५७९ यार्ड आणि सहा टचडाऊन केले.

इथेच माझं लक्ष लागलं, हे कबूल करते. नव्या शाळेत मला हजर करून घेताना साहेबांनी माझी सेवापुस्तिका चाळली, वर बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठी घेणार? उर्दू नाही?" मी म्हटलं, दोन्ही शिकवते, बी.एड. ला दोन्ही पद्धती होत्या. शाळा मराठी माध्यमाची. मला उरलेल्या तासिका मिळाल्या: पाचवीचं मराठी, सहावीचं मराठी, नववीच्या 'क' तुकडीचं मराठी आणि दोन कार्यानुभव. पहिल्या आठवड्यात तीन सहकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं की माझं मराठी किती छान आहे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मराठीच्या दुसऱ्या कुठल्या शिक्षकाला हे कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

म्हणून सुपर बोलच्या आठवड्यात भाच्याने पाठवलेली एक बातमी मी दोनदा वाचली. २७ जानेवारीला ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या लोकांना अमेरिकेत यायला बंदी घालणारा आदेश काढला होता. दोन-तीन दिवसांत ह्यूस्टनमध्ये खेळाडूंना पत्रकारांसमोर बसवलं, तेव्हा सनूपुढे घोळका झाला. प्रश्न खेळाचे कमी, मुसलमान म्हणून कसं वाटतं याचेच जास्त. तो सभ्यपणे म्हणाला की परिस्थिती कठीण आहे, सगळे एक राहोत अशी दुआ करतो. पण मी इथे आलोय तो माझ्या खेळामुळे, मुसलमान आहे म्हणून नाही, तेव्हा खेळाबद्दल बोलूया. भाचा चिडला होता. त्याच्या मते सनूने आणखी कडक बोलायला हवं होतं. मला तसं वाटलं नाही. आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच पाच-सहा दिवसांवर आलेली, आणि तुम्हाला विचारतायत काय, तर तुम्ही कोण. त्या माणसाला त्याचं काम आठवत होतं. आम्ही फोनवर यावरून वाद घातला आणि तो मिटला नाही. भाचा तिथे विमानतळावरच्या रांगेत उभा राहतो, मी राहत नाही, हेही खरं.

त्या हंगामात फाल्कन्सच्या मॅट रायनने तेरा वेगवेगळ्या खेळाडूंना टचडाऊनचे पास दिले. तो विक्रम होता. पाच निवडींची किंमत दिलेला एक, पैसे मोजून आणलेला एक, दुसऱ्याने टाकून दिलेला एक, चौथ्या फेरीतला जस्टिन हार्डी, आणि रिसीव्हर नसलेलेही बरेच.

आता समोरचं घर बघा. पॅट्रियट्सचा ज्यूलियन एडेलमन कॉलेजात क्वार्टरबॅक होता, २००९ च्या सातव्या फेरीत २३२ वा निवडलेला. डॅनी अमेंडोलाला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. ख्रिस होगन कॉलेजात मुख्यतः लॅक्रॉस खेळायचा, तो जाळीच्या काठीने खेळायचा खेळ. फुटबॉल जेमतेम एक वर्ष. तीन संघांनी काढलेला. त्याला 'सेव्हन-इलेव्हन' म्हणायचे, कारण तिकडच्या त्या दुकानासारखा हा 'नेहमी उघडा', म्हणजे मैदानावर कायम मोकळा. आणि चौथ्या फेरीतला नवा मुलगा माल्कम मिचेल. सगळ्यांना झेल देणारा टॉम ब्रेडी.

हे ऐकल्यावर कुणालाही वाटेल की साधी, कष्टाळू माणसं जमवावीत आणि स्टारच्या मागे लागू नये, हाच धडा. मला तो धडा पटत नाही. याच पॅट्रियट्सने २००७ मध्ये रँडी मॉससारखा बडा खेळाडू आणला होता, फक्त चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात, आणि त्याने त्या हंगामात २३ टचडाऊन झेलून विक्रम केला होता. स्वस्तात मिळाला तर स्टार त्यांनाही हवाच होता. शिवाय एडेलमनसारख्यांचं चीज झालं कारण फेकणारा ब्रेडी होता आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखायला ही मंडळी वर्षानुवर्षं शिकली होती. फेकणारा वेगळा असता तर यातले किती जण टिकले असते, सांगता येत नाही.

तर त्या पहाटे. माझ्या दोन रकात झाल्या, पोळ्या झाल्या, मध्यंतर झालं. फाल्कन्स २१-३ पुढे. मग २८-३. भाचा आणि त्याचे मित्र टीव्हीसमोर नाचत होते, फोन पडला, मला नुसतं छत दिसायला लागलं. सकाळची शाळा होती. मी म्हटलं, "मुबारक हो बेटा, मैं निकलती हूं." सुपर बोलमध्ये त्याआधी दहापेक्षा जास्त गुणांची पिछाडी कुणी भरून काढलेली नव्हती. मी स्कूटीवर बसताना गॅब्रिएलचा विचार करत होते. त्या दिवशी नववी 'क' ला मी जरा जास्तच प्रेमाने शिकवलं असणार.

मधल्या सुट्टीत फोन बघितला. एकच मेसेज. "हार गए."

पुढचं मी नंतर यूट्यूबवर पाहिलं, आणि एक जागा पुन्हा पुन्हा. २८-२० असताना, साडेचार मिनिटं उरलेली, जोन्सने सीमारेषेवर पायाची बोटं आत ठेवून एक झेल घेतला. माणूस असा झेल घेऊ शकतो यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. त्या संपूर्ण मॅचमध्ये त्याच्याकडे चेंडू चारच वेळा फेकला गेला, चारही त्याने झेलले. त्या झेलाने फाल्कन्स समोरच्या २२ यार्डांवर पोचले. तिथून नुसता चेंडू लाथेने खांबांमधून घातला असता तर तीन गुण मिळून मॅच जवळजवळ खिशात. त्यांनी पुन्हा पास द्यायचा ठरवला. रायन चेंडू हातात असतानाच आडवा झाला, बारा यार्ड मागे. पुढच्या खेळीत सनूने नऊ यार्डांचा झेल घेतला. नऊ यार्ड परत आले असते तर लाथ मारायचं अंतर पुन्हा आवाक्यात आलं असतं. पण फाल्कन्सच्याच एका धिप्पाड गड्याने समोरच्याला धरून ठेवलं होतं. पंचाचा पिवळा रुमाल पडला. झेल रद्द, वर दहा यार्डांचा दंड.

तो झेल कुठल्याच तक्त्यात नाही. सनूच्या नावापुढे त्या दिवशी दोन झेल आहेत, हा तिसरा नाही.

मग पॅट्रियट्सची पाळी. एडेलमनने तीन जणांच्या पायांच्या गुंत्यात, जमिनीपासून दोन बोटांवरून चेंडू उचलला. अमेंडोलाने दोन गुणांचा पास झेलून बरोबरी केली. जादा वेळात नाणेफेक पॅट्रियट्सने जिंकली, फाल्कन्सच्या हाती चेंडू आलाच नाही. ३४-२८. आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त, चौदा झेल घेतले ते जेम्स व्हाइटने, जो रिसीव्हर नाहीच, चेंडू हातात घेऊन पळणारा आहे.

माल्कम मिचेलने सहा घेतले. त्याच्याबद्दल मला भाच्याने सांगितलं नव्हतं, मीच शोधलं. जॉर्जियातल्या कॉलेजात आला तेव्हा त्याचं वाचन शाळकरी मुलाच्या पातळीचं होतं. आपल्याला वाचता येत नाही हे त्याने ओळखलं आणि लहान मुलांच्या पुस्तकांपासून सुरुवात केली. पुस्तकांच्या दुकानात एक बाई भेटल्या, त्यांच्या बायकांच्या वाचनमंडळात हा एवढा आडदांड मुलगा जाऊन बसायला लागला. पुढे त्याने मुलांसाठी स्वतः एक पुस्तक लिहिलं. गुडघ्याने मात्र दगा दिला. त्या सुपर बोलनंतर तो एकही मॅच खेळला नाही, २०१९ मध्ये निवृत्त झाला. आता मुलांना वाचायला लावण्याचं काम करतो.

नववी 'क' मध्ये एक मुलगा होता, जोडाक्षर आलं की थांबायचा आणि खोकायचा. खोकला नाटकी आहे हे मला आणि अख्ख्या वर्गाला माहीत होतं. एकदा शाळा सुटल्यावर त्याला थांबवून मी मिचेलची गोष्ट सांगितली, जरा रंगवूनच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, त्याला पगार किती होता?" मला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी पाचवीचं बालभारती नेलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, म्हणजे कुणाला दिसू नये. तो मधल्या सुट्टीत कार्यानुभवाच्या खोलीत येऊन वाचायचा. ती खोली माझ्याकडे होती, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. मार्चपर्यंत खोकला कमी झाला होता, गेला नव्हता.

गॅब्रिएल २०१८ मध्ये शिकागोला गेला. शानहॅन तर त्या मॅचनंतर लगेच सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य प्रशिक्षक झाले. जोन्स २०२१ मध्ये टेनेसीला दिला गेला. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये फाल्कन्सने दुसऱ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात सनूला देऊन टाकलं. कुणाला, तर पॅट्रियट्सलाच.

त्या रात्री भाच्याचा मेसेज आला. "खाला, अपना मोहम्मद भी उधर गया."

मी विचारलं, तिकडे त्याला कुठे उभा करणार, आत की बाहेर?

दोन दिवस त्याने उत्तर दिलं नाही.